तांबी जागेवर आहे का?

कोल्हापूर जिल्ह्यात एखादी सून सोनोग्राफी करून आली, की घरातल्यांचा पहिला अंदाज ठरलेला असतो: दिवस गेलेत. त्यानंतरचा प्रश्न एके काळी दबक्या आवाजात विचारला जायचा आणि त्याची किंमत जिल्ह्याने मोजली. २००१ च्या जनगणनेत इथे सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या फक्त ८३९. ऊस, दूध, कारखानदारी, शिक्षण यांत पुढे असलेल्या, शाहू महाराजांचे नाव घेणाऱ्या जिल्ह्याचा हा आकडा. पुढे जिल्हाधिकारी म्हणून आलेले लक्ष्मीकांत देशमुख (२०१८ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते हेच) यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडायला लावले. यंत्राच्या पडद्यावर जे दिसेल ते साठवून ठेवणारे हे उपकरण. मार्च २०१० मध्ये निघालेल्या त्या परिपत्रकाविरुद्ध रेडिऑलॉजिस्टांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट २०११ मध्ये न्यायालयाने परिपत्रक कायम ठेवले.

ती लढाई गरजेचीच होती. पण तिच्यामुळे म्हणा किंवा तिच्या आधीच्या पापामुळे म्हणा, हे यंत्र लोकांच्या मनात गर्भाशीच जोडले गेले. गर्भ नसलेल्या पिशवीतही बघण्यासारखे पुष्कळ असते, आणि पाळणा लांबवण्यासाठी तांबी बसवून घेतलेल्या बाईच्या बाबतीत तर एक साधा प्रश्न असा आहे, की त्याचे उत्तर या यंत्राइतके चटकन आणि विनात्रास दुसरे कोणी देत नाही. तांबी आहे तिथेच आहे का?

दवाखान्यात हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. “डॉक्टर, दोरा हाताला लागंना झालाय.” “पाळी दहा-दहा दिवस जातीया.” “कंबर धरतीया, ओटीपोटात कळ येतीया.” “मालकास्नी टोचतंय म्हणं.” काही जणी काहीच त्रास नसताना येतात. शेजारणीची तांबी गळून पडली म्हणे, मग आपली बघून घ्यावी, एवढ्यासाठी. आणि काही जणी येतच नाहीत. पाळी चुकल्यावरच त्यांना तांबीची आठवण होते.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या तांब्या दोन प्रकारच्या आहेत. कॉपर-टी ३८० ए दहा वर्षे चालते, आणि कॉपर ३७५ पाच वर्षे. नावातला आकडा म्हणजे तांब्याचे क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. ३८० ए हा इंग्रजी ‘टी’च्या आकाराचा प्लास्टिकचा तुकडा ३६ मिलिमीटर लांब आणि ३२ मिलिमीटर रुंद असतो. खालच्या दांड्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते, दोन्ही हातांवर तांब्याच्या बारीक नळ्या असतात आणि शेपटीला दोन दोरे. तांब्यातून सतत सुटणारे सूक्ष्म कण पुरुषबीजाला निकामी करतात. वर्षभरात शंभरातल्या एकीलाही दिवस राहत नाहीत, इतकी ही पद्धत भरवशाची आहे. खासगीत मिळणारी हार्मोनची ‘टी’ वेगळी. तिच्यात तांबे नसते आणि तिने पाळी कमी होते.

तांब्याचा हा गुण तसा योगायोगाने हाती लागला. बर्लिनच्या अर्न्स्ट ग्राफेनबर्ग या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात चांदीच्या तारेची कडी करून ती गर्भाशयात बसवायला सुरुवात केली. हुपरीच्या चांदी कारागिरांना गंमत वाटेल, पण त्या चांदीत तांब्याचा अंश बराच होता असे नंतर आढळले. तांब्याचे काम पद्धतशीरपणे सिद्ध व्हायला १९६० च्या दशकाची अखेर उजाडली. ते काम चिलीचे हाइमे झिपर आणि अमेरिकेचे हॉवर्ड टेटम यांचे.

भारतात त्याआधीच, १९६५ साली, ‘लूप’ आला होता. गावोगावी शिबिरे लागली, पहिल्या एक-दोन वर्षांतच लाखो बायकांना लूप बसवले गेले. त्यानंतर अंगावरून जाऊ लागले, पोट दुखू लागले, कुणाचा लूप गळून पडला. आणि अशा बाईला परत तपासायला कोणी नव्हते, कारण शिबिराचा तंबू उठून गेलेला होता. तेव्हा पसरलेली भीती साठ वर्षे झाली तरी पुरती गेलेली नाही. २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींनी नसबंदीचे ऑपरेशन करून घेतलेले होते. तांबी वापरणाऱ्या होत्या २.१ टक्के. लूप वाईट होता म्हणून हे झाले असे म्हणता येत नाही. बसवल्यानंतर त्याची विचारपूस कोणी केली नाही, हे मोठे कारण.

आता जागेबद्दल. गर्भपिशवी साधारण सात-आठ सेंटिमीटर लांब, उलट्या पेरूएवढी. तांबीने तिच्या पोकळीत अगदी वर, छताला लगटून बसायचे. दोन्ही हात दोन्ही बाजूंना पूर्ण उघडलेले, दांडा मधोमध सरळ, आणि दांड्याचे टोक पिशवीच्या तोंडाच्या वरच. फक्त दोरे तोंडातून खाली उतरलेले. यात कुठेही फरक पडला, की तांबी जागेवर नाही असे म्हणतात. सगळ्यांत जास्त आढळतो तो खाली सरकण्याचा प्रकार. कधी तांबी आडवी फिरते. कधी एक हात उघडतच नाही, किंवा त्याचे टोक पिशवीच्या स्नायूत रुतते. आधीच्या सिझेरियनच्या जागी पिशवीच्या भिंतीला खोबण राहिली असेल तर तांबी तिथे अडकू शकते. पिशवीचा आकारच जन्मतः वेगळा असेल, मध्ये पडदा असेल किंवा गाठी असतील, तर बिचाऱ्या तांबीला पसरायला जागाच मिळत नाही.

बाळंतपणानंतर लगेच बसवलेल्या तांबीची गोष्ट निराळी आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. वार पडल्यावर दहा मिनिटांत, किंवा अठ्ठेचाळीस तासांच्या आत, किंवा सिझेरियन चालू असतानाच तांबी बसवण्याची पद्धत सरकारी रुग्णालयांत रुळली आहे. बाई दवाखान्यातच असते, वेगळी खेप पडत नाही, त्यामुळे ही सोय मोलाची. पण त्या क्षणी गर्भाशयाचे वजन किलोभर असते आणि सहा आठवड्यांत ते साठ-सत्तर ग्रॅमवर येते. एवढ्या आक्रसणाऱ्या पिशवीत आतली वस्तू हलणार हे उघड आहे. म्हणून या तांब्या गळून पडण्याचे प्रमाण इतर वेळी बसवलेल्यांपेक्षा जास्त असते. सिझेरियनमध्ये बसवलेल्या तांबीचे दोरे पुष्कळदा वरच गुंडाळून राहतात आणि तपासताना दिसत नाहीत. दोरा दिसत नाही म्हणजे तांबी हरवली असे नव्हे, तशीच ती आतच असेल असेही नव्हे. हा गुंता सोडवायला सोनोग्राफी लागते.

ध्वनिलहरींनी आतले पाहण्याची विद्या मुळात कारखान्यातली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांना ती परकी नाही. ओतकामात पोकळी राहिली का, तडा गेला का, हे तपासायला तेही अल्ट्रासॉनिक चाचणी वापरतात. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५५ साली बॉयलर बनवणाऱ्या एका कंपनीचे असेच धातूतले दोष शोधणारे यंत्र वापरून बायकांच्या पोटातून काढलेल्या गाठी तपासून पाहिल्या. १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला आणि एक नवी शाखा उभी राहिली.

तांबीसाठीची सोनोग्राफी दोन तऱ्हांनी होते. एक पोटावरून. त्यासाठी भरपूर पाणी पिऊन लघवी तुंबवावी लागते, म्हणजे भरलेल्या मूत्राशयातून मागची पिशवी नीट दिसते. दुसरी योनीमार्गे, आणि तांबीची जागा बघायची तर हीच चांगली. बोटापेक्षा थोडी जाड अशी सळईसारखी कांडी असते, तिच्यावर निरोध चढवतात, जेल लावतात आणि ती योनीत थोडी आत सरकवतात. मूत्राशय इथे रिकामे असावे लागते. कापाकापी नाही, सुई नाही, एक्स-रेसारखे किरण नाहीत. या तपासणीचे नाव ऐकूनच पुष्कळ जणी बिचकतात आणि त्यात नवल नाही, कारण काय करणार हे आधी सांगण्याची तसदी फार थोड्या ठिकाणी घेतली जाते. कांडी कुठे जाणार, किती वेळ लागणार, दुखल्यास थांबवता येईल, खोलीत बाई-कर्मचारी हजर असेल, एवढी चार वाक्ये आधी बोलली तरी निम्मी भीती जाते.

पडद्यावर तांबे झळकते. पांढरी ठळक रेघ दिसते आणि रात्री गाडीच्या दिव्यासमोर खांब आला की मागे जशी काळी पट्टी पडते, तशी सावली तिच्या मागे पडते. हार्मोनच्या टीचा दांडा इतका चमकत नाही. तिची दोन टोके आणि मधली सावली यांवरून ती ओळखावी लागते. ३७५ ची तर हातांची ठेवणच वेगळी, खाली वळलेली. म्हणजे बघणाऱ्याला तांबीचा प्रकार माहीत नसेल तर व्यवस्थित बसलेलीही वाकडी वाटू शकते. तांबी बसवल्यावर मिळणारे कार्ड घेऊन जावे ते यासाठीच.

नेहमीच्या सोनोग्राफीची एक अडचण आहे. तिच्यात पिशवीचा उभा छेद चांगला दिसतो, त्यामुळे दांडा कळतो; हात कुठे गेलेत हे मात्र समोरून पाहिल्याखेरीज नक्की सांगता येत नाही. थ्री-डी सोनोग्राफी ते समोरचे चित्र जुळवून देते. बॉस्टनच्या बेरिल बेनासेराफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली तांबी किंवा हार्मोनची टी असलेल्या १६७ बायकांची अशी तपासणी प्रसिद्ध केली. २८ जणींच्या टीचे हात भलतीकडे वळलेले किंवा स्नायूत रुतलेले निघाले. या २८ पैकी २१ जणी रक्तस्राव किंवा दुखणे घेऊन आल्या होत्या. ज्यांची टी जागेवर होती त्यांच्यात असा त्रास साधारण एकतृतीयांश जणींना होता. त्रासाचे कारण सापडत नसलेल्या पुष्कळ बायकांना ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून परत पाठवले जाते. त्यांच्या बाजूचा हा पुरावा. बेनासेराफ यांना स्वतःला वाचनदोष होता. अक्षरे जुळवताना त्यांना कष्ट पडत, चित्र मात्र त्या क्षणात ओळखत. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

पिशवी रिकामी दिसली तर? दोन शक्यता. तांबी गळून पडली, बहुधा पाळीच्या वेळी, आणि बाईला कळलेही नाही. किंवा ती पिशवीची भिंत भेदून पोटात गेली. अशा वेळी ‘पडली असेल’ म्हणून विषय मिटवणे धोक्याचे. पोट आणि कंबरेचा एक्स-रे काढलाच पाहिजे. तांबीच्या प्लास्टिकमध्ये बेरियम मिसळलेले असते ते एक्स-रेत दिसावे म्हणूनच. पोटात गेलेली तांबी आतड्यावरच्या चरबीच्या पडद्यात गुरफटते, क्वचित मूत्राशयात शिरते आणि तिच्यावर खडा चढतो. ती दुर्बिणीच्या ऑपरेशनने काढतात. छातीत किंवा डोक्यात चढल्याच्या कहाण्या बाजारगप्पाच समजाव्यात. हे किती वेळा घडते? युरोपातल्या सहा देशांत एकसष्ट हजारांवर बायकांचा मोठा अभ्यास झाला; त्यात पिशवीला छेद जाण्याचे प्रमाण हजारात एक-दीड आढळले. अंगावर पाजणाऱ्या बायकांत मात्र हा धोका सहापट होता, कारण त्या दिवसांत पिशवी मऊ असते. पाजणाऱ्या बाईने तांबी बसवू नये असा याचा अर्थ नाही. सरावलेल्या हाताने, घाई न करता बसवावी असा आहे.

तांबी खाली सरकलेली दिसली, की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया असते: काढून टाका. इथे जरा थांबायला हवे. बॉस्टनमध्येच ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलने सोनोग्राफीत तांबी दिसलेल्या १,७४८ बायकांच्या नोंदी तपासल्या. १८२ जणींची, म्हणजे दहातल्या एकीची, तांबी जागेवर नव्हती. त्यातल्या जवळजवळ तीनचतुर्थांश नुसत्या खाली सरकलेल्या होत्या. पुढे यांच्यापैकी ज्यांना दिवस राहिले, त्यांना तांबी काढल्यावर किंवा गळून पडल्यावर राहिले. सरकलेली तांबी आत असताना नव्हे. २०११ साली हा अभ्यास छापून आला. त्यातून डॉक्टरांनी घेतलेला धडा व्यवहारी आहे. तांबी पिशवीच्या तोंडात उतरली असेल, भिंतीत रुतली असेल किंवा बाईला त्रास होत असेल तर काढावी. पण ती थोडीशी खाली आहे आणि बाईची काही तक्रार नाही, तर तिला दोन्ही बाजू सांगून ठरवू द्यावे. काही तांब्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत आपोआप वर सरकतात हेही दिसून आले आहे. आणि काढायचीच झाली, तर त्याच बैठकीत दुसरी तांबी किंवा गोळ्या-इंजेक्शनपैकी काही सुरू झाले पाहिजे. ‘काढली, आता पुढच्या महिन्यात बघू’ या वाक्यातून नको असलेली गर्भारपणे उगवतात.

तांबी आत असतानाही क्वचित दिवस राहतात. तेव्हा गर्भ पिशवीतच आहे, नळीत नाही, हे सोनोग्राफीने आधी पाहावे लागते. नळीतला गर्भ जिवावर बेतू शकतो. मूल हवे असेल आणि दोरा दिसत असेल, तर सुरुवातीच्या महिन्यांतच तांबी हलकेच काढल्याने गर्भपाताचा धोका कमी होतो. मूल नको असेल, तर १९७१ च्या कायद्याने गर्भनिरोधक निकामी ठरणे हे गर्भपाताचे वैध कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्याला लग्नाची अटही राहिली नाही. बाळ मुठीत तांबी धरून जन्मल्याची छायाचित्रे फोनवर फिरत असतात. तांबी गर्भाच्या वेष्टनाबाहेर असते आणि बहुधा वारेबरोबर पडते, त्यामुळे तो फोटो कुणीतरी तांबी हातात देऊन काढलेला असतो असे खुशाल समजावे.

कोल्हापूरच्या सोनोग्राफीचा इतिहास पुन्हा आडवा येतो तो इथे. गर्भलिंग निदानविरोधी कायद्यात गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी ‘एफ फॉर्म’ भरावा लागतो आणि तपासणीच्या वैध कारणांची यादी त्यात छापलेली असते. तांबी आत असताना दिवस गेल्याचा संशय हे त्या यादीतले एक कारण आहे, अगदी सुरुवातीच्या काही कारणांत. म्हणजे सगळ्यांत कडक कायद्यानेही या तपासणीला दार उघडे ठेवले आहे. गरोदर नसलेल्या बाईची तांबी बघायला तर हा फॉर्म लागतही नाही.

अडचण आहे ती अंतराची. तांबी बसवायला प्रशिक्षित सिस्टर उपकेंद्रात असते. सोनोग्राफी मात्र नोंदणी झालेल्या केंद्रात, ठरावीक पात्रतेच्या डॉक्टरांनीच करायची, असा कायदा आहे. बसवणारा हात गावात आणि बघणारा डोळा तालुक्याला किंवा कोल्हापूरला. शहरातल्या बाईला सीपीआर रुग्णालय गाठता येते. गगनबावड्याच्या किंवा शाहूवाडीच्या वाडीवरची बाई रोजगार बुडवून, एसटीचे वेळापत्रक सांभाळून येणार. चंदगडची तर कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ म्हणून तिकडे जाणार. तिची तांबी तपासायची तर तिला गरोदर बायकांच्या रांगेत उभे राहावे लागते आणि त्या रांगेत तिचा नंबर शेवटी लागतो. गरोदर बाईला आधी घेणे बरोबरच. पण तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातून ठरलेली एक वेळ तांबीवाल्या बायकांसाठी राखून ठेवायला नवे यंत्र लागत नाही.

तांबी बसवलेल्या प्रत्येकीने सोनोग्राफी करायलाच हवी असे मुळीच नाही. काही केंद्रांत ‘बसवली, आता बघून घ्या’ म्हणून सगळ्यांना सरसकट चिठ्ठी देतात. तो बहुतेकींच्या बाबतीत निष्कारण खर्च. पहिली पाळी झाल्यावर किंवा सहा आठवड्यांनी तपासायला जावे, डॉक्टर किंवा सिस्टर दोरा पाहतील, तेवढे पुरे. घरी पाळीनंतर हात स्वच्छ धुऊन दोरा बोटाला लागतो का हे स्वतः पाहता येते. दोरा लागला नाही, एकदम लांब वाटला, किंवा दोऱ्याऐवजी कडक प्लास्टिक लागले, पाळी चुकली, ओटीपोटात सतत दुखू लागले, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव सुरू झाला, संबंधाच्या वेळी टोचू लागले, तर दाखवायला जावे. तपासणी होईपर्यंत निरोध वापरावा. पहिले तीन-चार महिने पाळीत थोडे जास्त जाणे हे तांबीचे नेहमीचे वागणे आहे; त्यापुढेही ते चालूच राहिले तर कारण शोधावे.

तांबी बसवून घेतलेल्या बायकांनी आपले कार्ड आजच शोधून ठेवावे. त्यावर प्रकार, बसवल्याची तारीख आणि काढण्याची तारीख लिहिलेली असते. मुदत संपून गेलेली तांबी विसरून आतच ठेवलेल्या बायका कमी नाहीत. सरकारी दवाखान्यात तांबी बसवणे मोफत आहे, तपासणे आणि काढणेही मोफत आहे, आणि यातल्या कशासाठीही नवऱ्याची सही लागत नाही.